वीतभर अंतरावरून

वाचकहो, माझ्या दोन्ही हातांना गेली सहा वर्षे कंप आहे. चहाचा कप बशीवर वाजतो, सही करताना अक्षर फाटते, शर्टाचे वरचे बटण लावायला वेळ लागतो. तपासण्या झाल्या. गंभीर आजार नाही, पण कंप पूर्णपणे जाणारही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मी ते स्वीकारले. मात्र गेल्या वर्षी श्रावणात माझी नात जन्मली, तेव्हा मला स्वतःच्या हातांची पहिल्यांदा भीती वाटली.

ती ३४व्या आठवड्यात, म्हणजे अपेक्षित दिवसाच्या सहा आठवडे आधी जन्मली. वजन १९०० ग्रॅम. सुनेचे सिझेरियन झाले होते. तिची आई येऊ शकत नव्हती, कारण तिचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलाला नोकरीतून दहा दिवसांची रजा मिळाली. घरात रिकामा असा मी एकटाच होतो, आणि मी तर आयुष्यात एकही तान्हे मूल मांडीवर घेतलेले नव्हते.

हे आपल्याला खोटे वाटेल, पण ते खरे आहे. १९८६ साली माझा मुलगा जन्मला, तेव्हा मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. सासुरवाडीला जाऊन आठव्या दिवशी मी त्याला पाहिले, तेही दारातून. ‘मान धरेपर्यंत पुरुषांनी मूल घेऊ नये’ असा समज आमच्याकडे होता आणि मला तो सोयीचा होता. त्याने मान धरली, तो रांगला, चालू लागला. तोवर मी माझ्या पाळ्यांत गुंतलो होतो.

नवजात शिशूंच्या कक्षात तिसऱ्या दिवशी परिचारिकेने आम्हाला ‘कांगारू पद्धत’ समजावून सांगितली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे धरून बांधायचे, म्हणजे आईच्या अंगाची ऊब त्याला मिळते. १९७८च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात, एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. गरजेपोटी निघालेला तो उपाय आज जागतिक आरोग्य संघटना जगभरच्या कमी वजनाच्या बाळांसाठी सुचवते. आई थकलेली असेल तर वडील, आजी, आजोबा कोणीही हे करू शकतात, फक्त माणूस निरोगी व स्वच्छ हवा, असे परिचारिका म्हणाली. सुनेला त्या दिवशी ताप होता. मुलगा औषधे आणायला गेला होता. परिचारिकेने माझ्याकडे पाहिले.

मी माझे हात पुढे करून तिला दाखवले. ती म्हणाली, “आजोबा, हात लागतच नाहीत. बाळाला कापड धरतं. तुम्ही फक्त बसायचं.”

मी अंघोळ करून आलो, अंगठी व घड्याळ काढले, कोपरापर्यंत हात धुतले. पडद्याआड मागे रेललेल्या खुर्चीत मला बसवले. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर असलेले ते बाळ तिने माझ्या छातीवर उभे ठेवले, मान एका बाजूला वळवली, नाक-तोंड मोकळे असल्याची खात्री केली आणि सुती कापडाने आम्हा दोघांना गुंडाळले. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले होते. तिचा श्वास माझ्या छातीला लागत होता. मी तासभर बसलो. हात खुर्चीच्या दांड्यांवर नेहमीसारखे थरथरत होते, आणि बाळ स्वस्थ झोपले होते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्या वयाच्या अनेकांना वाटते, नव्या बाळाच्या वाढीत आपला वाटा संपला. डोळे कमी दिसतात, गुडघे दुखतात, हात थरथरतात. मलाही तसे वाटत होते. पण तान्ह्या बाळाला आपल्याकडून ताकद नको असते. त्याला स्वस्थ बसणारे, त्याच्याकडे पाहणारे आणि त्याला उत्तर देणारे माणूस हवे असते. घरात एवढा वेळ कोणाकडे असतो, याचा आपणच विचार करावा.

नवव्या दिवशी आम्ही घरी आलो. कराडजवळ आमचे गाव आहे. आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन, ताप व श्वास पाहून जात. या गृहभेटींमागे आपल्याच महाराष्ट्रातले मोठे काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील खेड्यांमध्ये गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घरी घ्यायला शिकवले आणि त्यामुळे बालमृत्यू कमी होतात हे दाखवून दिले. ते संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मला त्यातून धीर मिळाला. रीतसर शिकवले तर ही कामे साध्या माणसांना जमतात, मग मलाही जमतील असे वाटले.

बालरोगतज्ज्ञांना मी विचारले, “बाळाच्या बुद्धीसाठी काय काय करून घ्यायचं?” मी वही घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, “वेगळं काही नाही. दूध, लंगोट, अंघोळ, झोपवणं हे तर दिवसभर चालूच असतं. ते करताना तिच्याकडे बघा आणि तिच्याशी बोला.” मला ते फार थोडे वाटले. वही कोरीच राहिली. पुढच्या तीन महिन्यांत मात्र त्या दोन वाक्यांत किती काम आहे ते कळले.

पहिली गोष्ट बघण्याची. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे सर्वांत स्पष्ट दिसते, त्यापलीकडचे धूसर. म्हणजे आपली एक वीत, फार तर सव्वा वीत. अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. आपण पाळण्यावर रंगीत खेळणे टांगतो, ते बहुधा त्याच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर असते. मी भिंतीला पाठ टेकून बसे, गुडघे उभे करून मांड्यांच्या उतारावर उशी ठेवी आणि मुलगा किंवा सून बाळाला त्यावर ठेवून जाई. तिचे डोके माझ्या गुडघ्यांकडे आणि चेहरा समोर. मी हळूहळू मान डावीकडे नेई, मग उजवीकडे. सुरुवातीला ती नुसती टक लावून पाही. काही आठवड्यांनी तिचे डोळे माझ्यामागे थोडे सरकू लागले. फिकट रंगांपेक्षा गडद आणि उजळ रंगांची कड बाळाला लवकर दिसते. सुनेच्या काळ्या साडीचा पांढरा काठ तिला भारी आवडे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. इथे माझी अडचण झाली. मला अंगाई येत नाही, ओव्या माझ्या आईबरोबर गेल्या. तान्ह्या मुलाशी काय बोलायचे ते सुचेना. मग जे आयुष्यभर बोललो तेच बोलू लागलो. लंगोट बदलताना सावकाश, सूर लावून म्हणे, “कराड… उंब्रज… अतीत… नागठाणे… सातारा.” सुनेला आधी हसू आले. पण बाळ हातपाय हलवायचे थांबून ऐके. गर्भात असतानाच, शेवटच्या काही महिन्यांत, बाळाला ऐकू येऊ लागते आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. त्याला शब्दांचा अर्थ लागत नाही. आवाजाचा चढउतार, ठेका आणि तोच तो परिचित सूर त्याला हवा असतो. म्हणून आपल्याला येत असेल ते बोलावे. हरिपाठ येत असेल तर हरिपाठ म्हणावा, स्वयंपाक करत असाल तर डाळीत काय घालता ते सांगावे. मराठी, कोकणी, अहिराणी, जी आपल्या घरची भाषा असेल तीच बोलावी.

पण नुसते बोलणे पुरेसे नाही, थांबणेही हवे. हे मला उशिरा उमगले. ‘उंब्रज’ म्हटल्यावर मी एकदा खोकल्याची उबळ आली म्हणून मान वळवून थांबलो, तेव्हा तिने तोंडाचा चंबू करून ‘ऊं’ असा आवाज केला. त्यानंतर मी मुद्दाम थांबू लागलो. दहा सेकंद, कधी पंधरा. त्या वेळात ती ओठ हलवी, भुवया उंच करी, कधी पाय झाडी. हेच तिचे उत्तर. मग मी पुढचे गाव सांगे. बोलणे म्हणजे आळीपाळीने बोलणे हा पहिला धडा बाळ असा शिकते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही महिन्यांच्या बाळांशी खेळणाऱ्या आयांना त्याने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळांनी हसून, हात हलवून आईला परत बोलावण्याचा प्रयत्न केला आणि उत्तर येईना तेव्हा ती अस्वस्थ झाली, तोंड फिरवू लागली. हे वाचल्यावर मी बाळाजवळ बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो. मोबाइलमध्ये पाहणारा चेहरा बाळाला तसाच दिसत असणार.

एक खबरदारी इथेच सांगतो. बाळाची श्रवणचाचणी शक्यतो पहिल्या महिन्यातच करून घ्यावी. ती वेदनारहित असते. ऐकण्यातला दोष लवकर कळला तर उपायही लवकर सुरू होतात.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. गावातल्या मावशी, ज्यांनी माझ्या मुलालाही न्हाऊ घातले होते, त्या पहिल्याच आठवड्यात आल्या. वजन पुरेसे वाढेपर्यंत न्हाऊ न घालता कोमट पाण्याच्या ओल्या कापडाने पुसावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मावशींना ते पटले नाही. नाक ओढायचे, कानात-नाकात तेल सोडायचे, टाळू दाबून भरायची, शेवटी ओवा-वेखंडाची धुरी द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांना दुखावणे मला अवघड होते. मी म्हटले, “मावशी, ही पोर दिवस भरायच्या आत आली आहे. तुमचे हात मला हवेत, पण तेल नाका-कानात नको आणि धूर नको.” त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून आल्या आणि सुनेचे अंग रगडून गेल्या. पुढे डॉक्टरांच्या परवानगीने त्यांनीच बाळाला खोबरेल तेलाचा हलका हात फिरवायला सुरुवात केली. त्यांचा हात किती हळुवार आहे हे मला तेव्हाच दिसले. टाळूवर त्या बोटांनी तेल नुसते टेकवीत. तेल लावताना हात, पाय, पोट असे एकेक नाव घ्यावे, बाळाच्या डोळ्यांत पाहावे, त्याने तोंड वाकडे केले तर थांबावे. मध, घुटी, पाणी, डोळ्यांत काजळ हे काहीही नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे, एवढेच.

चौथी गोष्ट पालथे ठेवण्याची. बाळ जागे असताना आणि आपण समोर असताना त्याला दिवसातून दोन-तीन वेळा काही मिनिटे पालथे ठेवावे. त्याने मान, खांदे व पाठ बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे, थोडे थोडे करून हे दिवसभरात अर्ध्या तासापर्यंत न्यावे. आमची सुरुवात माझ्या छातीवर झाली. मी रेलून बसे, ती माझ्यावर पालथी असे आणि माझा चेहरा पाहण्यासाठी मान उचलण्याची धडपड करी. झोपवताना मात्र बाळ नेहमी पाठीवरच, सपाट व टणक अंथरुणावर झोपवावे. बाजूला उशी, गोधडी, मऊ खेळणी नकोत. आपल्याला डुलकी लागेल असे वाटताच बाळाला दुसऱ्याच्या स्वाधीन करावे. मी तसे करीत असे, त्यात कमीपणा नाही. बाळाला घेऊन मी कधी चाललो नाही, पायऱ्या तर मुळीच नाही. सर्दी-खोकला झाला की बरे होईपर्यंत दूरच बसलो.

आणि शेवटची, मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट म्हणजे पुरे कधी करायचे ते ओळखणे. बाळ तोंड फिरवते, जांभई देते, उचकी लागते, बोटे फाकवते. त्याला आता विश्रांती हवी असते. आपण उत्साहाने टाळ्या वाजवत राहतो, मग ते रडते. अपुऱ्या दिवसांचे बाळ फार लवकर दमते. कित्येकदा माझी बस उंब्रजलाच थांबे.

दोन महिने उलटले आणि घरात काळजी शिरली. शेजारच्या घरातले बाळ आमच्या नातीपेक्षा आठवडाभराने लहान. ते हसू लागले होते. आमची नात हसत नव्हती. शेजारीण सहज बोलून गेली, “अजून हसत नाही?” त्या रात्री सून स्वयंपाकघरात रडत होती. मी तिला म्हटले, “उद्याच विचारून येऊ.”

डॉक्टरांनी कॅलेंडर काढले. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासून नव्हे, तर ज्या दिवशी ते जन्मायला हवे होते त्या दिवसापासून मोजून त्याची वाढ पाहायची. त्या हिशेबाने आमची नात दोन महिन्यांची नव्हती, तीन आठवड्यांचीही नव्हती. माणसाला ओळखून हसणे साधारण सहा ते आठ आठवड्यांत येते. म्हणजे अजून वाट पाहायची होती. त्यांनी सुनेलाही विचारले, झोप येते का, रडू किती दिवस येते आहे. बाळंतपणानंतर उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर त्यावर उपचार आहेत, हे त्यांनी आम्हा दोघांसमोर सांगितले. वाचकहो, बाळाच्या वाढीची काळजी करताना त्याच्या आईकडे पाहायला आपण विसरतो. त्या दिवसापासून सकाळी नऊ ते अकरा बाळ माझ्याकडे, शेजारच्या मुलीला मदतीला बसवून. सून दूध पाजून दार लोटून झोपे. भूक लागली तर काढून ठेवलेले दूध ती मुलगी वाटी-चमच्याने पाजी. मला वाटते, नातीसाठी मी केलेले सर्वांत उपयोगी काम तेच.

ती हसली तेरा आठवड्यांची झाल्यावर, एका रविवारी. लंगोट बदलत होता माझा मुलगा. मी शेजारी बसून गावे सांगत होतो. ‘अतीत’ म्हणून थांबलो. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे पाहून हसली. हिरड्या दिसल्या. तो लंगोटाचे टोक हातात धरून तसाच बसून राहिला.

थोड्या वेळाने त्याने विचारले, “अण्णा, माझ्याशीही तुम्ही असं बोलायचा का?”

काही तरी गोड उत्तर देता आले असते. मी म्हटले, “नाही रे. तुला मी घेतलंही नाही. भीती वाटायची, आणि ते आपलं काम आहे असं वाटायचं नाही.”

तो काही बोलला नाही. त्याने लंगोट बांधला, बाळाला उचलले आणि माझ्या मांडीवर ठेवले. माझा हात थरथरत होता, म्हणून त्याने आपला हात खालून तसाच धरून ठेवला.

आज ती अकरा महिन्यांची आहे. धरून उभी राहते. माझ्या कापणाऱ्या बोटाला पकडायचा खेळ तिला आवडतो, कारण ते स्थिर राहत नाही.

आपल्या घरी नवे बाळ असेल तर एवढेच करून पाहावे. हात धुवावेत, भिंतीला टेकून बसावे, बाळ कोणाकडून तरी मांडीवर ठेवून घ्यावे. चेहरा वीतभर अंतरावर आणावा. तोंडाला येईल ते एक वाक्य सावकाश बोलावे आणि थांबावे. दहा सेकंद फार वाटतात, तरी थांबावे. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास जोरात चालू लागला, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा ते मलूल पडले, तर मात्र घरी काहीही करत न बसता लगेच रुग्णालय गाठावे. एरवी घाई कसलीच नाही. पुढचे गाव तिचे उत्तर आल्यावर सांगावे.